मागच्या दारावरची पाटी

समुद्रकाठच्या पोर्थ द्रुअनमध्ये भुतं दिवसाउजेडी दिसतात, कारण रात्री ती बघायला कोणी घराबाहेर पडत नाही. धक्क्यावर, कपडे बदलायच्या खोल्यांपाशी, किल्ल्या सांभाळणारी बाई अजून ओले टॉवेल परत मागत उभी असते. बंद पडलेल्या लॉजच्या पायरीवरून मालकीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांकडे बघते, वाळू झटकली का म्हणून. गावाचा रंग उडाला, पत्रे गंजले, आइस्क्रीमचं दुकान गेलं. भुतांनी तेवढी आपली जागा सोडली नाही. तेव्हा गाव सुधारणा समितीने ठरवलं, की जे शिल्लक आहे त्याच्यावरच भागवावं आणि प्रत्येक भुताच्या जागी पर्यटकांसाठी एक निळी पाटी लावावी.

एमलिन पेन्रीचं पाट्यांबद्दल काही म्हणणं नव्हतं. शेवटची पाटी त्याच्या वडिलांची होती, एवढंच.

वडील म्हणजे ग्विलिम पेन्री. हर्मोन चॅपेलमध्ये गाणं उचलून देणारे, मानकऱ्यांच्या मोठ्या बाकावर सगळ्यांकडे तोंड करून बसणारे, दारूला आयुष्यात न शिवलेले. गेल्यानंतर ते चॅपेलमध्येच दिसतील याबद्दल गावात दुमत नव्हतं. एका बाईंनी तर बाकावरची उशी झटकून ठेवली होती. ग्विलिम दिसले ते ‘तीन बांगडे’ या दारूच्या दुकानाच्या मागच्या दाराशी. रविवारी दुपारी, चॅपेलचा काळा कोट घालून, दारावर तीनदा टकटक करताना.

मागचं दार म्हणजे काय, हे त्या गावात कोणाला सांगावं लागत नाही. त्या काळी तिकडे रविवारची दारूबंदी होती. पुढच्या दाराला कुलूप, पडदे ओढलेले, आणि आत बसलेला प्रत्येक जण लोकांच्या लेखी घरी सर्दीने अंथरुणावर पडलेला.

समितीचा अध्यक्ष सलूनवाला इरवोन. एमलिन त्याच्या खुर्चीत गळ्याभोवती कापड गुंडाळून बसला होता, तेव्हाच त्याने विषय काढला.

“ती पाटी लावू नकोस, इरवोन.”

“मान हलवू नकोस. कान जाईल.”

“काय लिहिलंयस तिच्यावर?”

“‘चॅपेलचे गायनप्रमुख ग्विलिम पेन्री येथे रविवारची तहान भागवीत.’ बायको म्हणाली ‘भागवीत’ फार छान आहे.”

“बाबा प्यायचे नाहीत.”

“अरे एमल्या, वाईट कोण म्हणतंय? उलट लोकांना बरं वाटतं. मोठ्या बाकावरचा माणूस आणि मागचं दार. बाहेरगावचे तर जीव टाकतील.”

“ते प्यायला जायचे नाहीत तिथे.”

“मग कशाला? बिजागऱ्यांना तेल घालायला?”

एमलिनने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यात केस गेले. पुढे ते थुंकून झाले, पाणी पिऊन झालं, तरी उत्तर बाहेर आलं नाही. बहाणा म्हणून केस पुरेसे होते.

उत्तर त्याला ठाऊक होतं. विशीत असताना दर रविवारी प्रार्थना आटोपली की तो स्वतः त्या पडद्यांच्या आत बसायचा. ग्विलिम कधी उंबरा ओलांडत नसत. टकटक करून दार उघडलं की विचारत, “आमचा एमलिन आहे का आत? आई जेवायची थांबलीय.” मग एक अक्षर न बोलता पाऊलभर पुढे चालत. बचावबोटीच्या शेडच्या कोपऱ्यावर बंडीच्या खिशातून पेपरमिंटची गोळी काढत आणि मागे न बघता हात मागे धरत. आईला वास येऊ नये म्हणून.

तेव्हा आत बसणारे सगळे आता दफनभूमीत होते. एमलिन स्वतः मोठ्या बाकावर पोचला होता आणि दर नव्या वर्षाला दारूविरुद्ध बोलायचा. लोक म्हणत, बापाच्या अनुभवावरून बोलतो बिचारा. तो खाली बघायचा. त्यांना तो विनय वाटायचा.

पाटीच्या अनावरणाला रविवारी दुपारी अख्खं चॅपेल दुकानामागच्या गल्लीत जमलं. चहाची किटली आली, फळं घातलेल्या पावाच्या चकत्या आल्या. इरवोनने पाटीवर स्वतःच्या न्हाणीघराचा पडदा टांगला होता.

“चिरंजीवांनी दोन शब्द बोलावेत,” तो म्हणाला.

एमलिन पुढे झाला. “माझे वडील,” तो म्हणाला, आणि थांबला. समोर शंभरेक माणसं पाव चघळत होती. “माझे वडील फार छान गायचे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकं लाजिरवाणं त्याला त्या दुकानातून धडपडत बाहेर पडतानाही कधी वाटलं नव्हतं.

टाळ्या थांबायच्या आत तो गल्लीतून वळला आणि पुढच्या दाराने ‘तीन बांगडे’मध्ये शिरला. मालकीण नेस्टा गल्ल्याशी पेले पुसत होती.

“एमलिन? तू? काय देऊ?”

“काही नको.”

“इथे येऊन काही नको?”

“बसतो जरा. न्यायला येतील आत्ता.”

नेस्टाचा हात पेल्यातच थांबला. “ते तुला न्यायला येतात?”

“हो.”

“आणि मी मेली दर रविवारी त्यांना बिअर विचारतेय. एकदा पायरीवर पेला ठेवला तर कसे बघत होते माझ्याकडे.”

टकटक झाली. तीनदा. नेस्टाने मागचं दार उघडलं. उंबऱ्याबाहेर काळा कोट, आणि त्यामागे हातात चहाचे कप धरलेलं सगळं चॅपेल. ग्विलिमचे ओठ हलले. आवाज नव्हता, एमलिनला त्याची गरज नव्हती.

“आहे, बाबा,” तो मोठ्याने म्हणाला. “आलो.”

विशीत जायचा तसाच, खाली मान घालून, लाल कानांनी तो बाहेर आला. गर्दीने वाट दिली. गाव हळू बोलतं, पण समजायला वेळ लावत नाही.

“म्हणजे एमल्या, तूच,” इरवोन म्हणाला. पडद्याची दोरी त्याच्या हातात तशीच होती.

“मीच.”

“मग पाटीचं काय करू?”

एमलिन चालू लागला. वडील निघालेही होते, पाऊलभर पुढे. मागे कोणीतरी खुसखुसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. दोन्ही सारखंच लागलं. शेडच्या कोपऱ्यावर तो हात मागे आला, तळवा उघडा. त्यात काही नव्हतं. एमलिनने ते उचललं आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकलं.

घराच्या फाटकाशी ग्विलिम वळलेही नाहीत. होते आणि मग नव्हते. एमलिनने दाराशी थांबून जुन्या सवयीने तळहातावर श्वास सोडला आणि वास घेतला. आत जेवायचं थांबलेलं कोणी नव्हतं. तरी त्याने पाय पुसले, आणि कान निवेपर्यंत तिथेच उभा राहिला.