बानोभाभीचा पाट

“बुधाजीभाव, हुस्नबानोच्या घरात पॉइंट किती हायेत?”

कर्जतच्या विजेच्या सामानाच्या दुकानात मालक रमजानने हे विचारलं तेव्हा बुधाजी वायरमन फ्यूजची तार निवडत होता. मान वर न करताच तो म्हणाला, “दिव्यांचे सात, पंख्याचा एक, आन् कुकरचा प्लग. का रं?”

“नाय, काल तिचा जावई तीन बंडलं वायर घेऊन गेला. समदं घर नव्यानं करतोय म्हनला. मला वाटलं तुमीच पाठवला.”

“हां, मीच,” बुधाजी म्हणाला आणि तार न घेताच दुकानातून बाहेर पडला.

खालापूरच्या एस.टी.त त्याला खिडकीजवळची जागा मिळाली, पण बाहेर काय चाललंय ते त्याला दिसलंच नाही. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. खालापुरात वीज आली तेव्हा हुस्नबानोचं घर आळीत पहिलं उजळलं होतं, आणि ते बुधाजीने उजळलं होतं. लाकडी पट्टीतून वायर कशी वळणावळणाने फिरली आहे हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. इतकी वर्षं त्या घरात साधा बल्ब बदलायचा झाला तरी आधी त्याला निरोप यायचा. ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा त्याच्याकडे यायचा. आणि आज? कुवेतहून दोन महिन्यांच्या रजेवर आलेला एक पोरगा ते सगळं उपटून टाकायला निघाला होता, आणि बानोभाभीने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

खरं दुखणं आणखी खोल होतं. ते होतं कुकरचं.

चौसष्ट साली बानोचा नवरा, तेव्हा तो जहाजावर खलाशी होता, सिंगापूरहून विजेवर भात शिजवणारा कुकर घेऊन आला. तालुक्यात असली वस्तू कुणी पाहिली नव्हती. दोन दिवसांत त्याला परत जहाजावर चढायचं होतं, म्हणून बुधाजीने घाईघाईत स्वयंपाकघरातल्या दिव्याच्याच वायरीवरून प्लग काढून दिला. भात शिजला तेव्हा अर्धी आळी दारात उभी होती. बुधाजीची छाती त्या दिवशी जी फुगली ती बरीच वर्षं उतरली नाही.

वर्षभराने बानो म्हणाली, “बुधाजीभाव, कुकरला हात लावला की मुंग्या येतात. बटन बंद केलं तरी येतात.”

बुधाजीने पाहिलं आणि त्याला घाम फुटला. घाईत त्याने वायरी उलट्या जोडल्या होत्या. बटण बंद केलं तरी वीज कुकरपर्यंत येऊन उभीच राहत होती. दुरुस्त करायचं तर सगळी पट्टी भिंतीवरून काढावी लागली असती, आणि का काढतोस, या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं असतं. ते त्याच्याने झालं नाही. तो घरी गेला, बायकोच्या, सोनुबाईच्या, पाटांच्या जोडीतला एक सागवानी पाट उचलून घेऊन आला आणि म्हणाला, “भाभी, इजेच्या वस्तूशी असंच वागावं लागतं. भात काढताना पाटावर उभं ऱ्हायाचं. सुक्या पायानं.”

तेव्हापासून बानो पाटावर उभी राहून भात काढायची. नवरा वारल्यावरही तिचा हा नेम चुकला नाही. आल्यागेल्याला ती अभिमानाने सांगायची, “बुधाजीभावांनी सांगितलंय.” आणि जोडी मोडली म्हणून सोनुबाई आजतागायत बुधाजीला टोमणे मारायची. दुसरीच्या घरी गेलेला तो पाट तिच्या डोळ्यांत सलायचा. बुधाजी मूग गिळून गप्प बसायचा, पण मनातून त्याला बरंही वाटायचं. आपल्या शब्दावर एक बाई रोज दोन वेळा पाटावर चढते, हे थोडं आहे का?

तो बानोच्या दारात पोचला तेव्हा साडेअकरा वाजले होते.

“या, या, बुधाजीभाव!” बानो फडक्याने स्वयंपाकघराची फरशी पुसत होती. “तुमालाच सांगावा धाडनार होते. जुना कुकर गेला वो. धूर आला आन् बसला गप. मकसूदनं नवा आनलाय, पर तो म्हनतो ह्या वायरीवर नाय चालायचा.”

“चालेल, पण घर पेटवेल,” मकसूद हसत म्हणाला. “सलाम, चाचा. दिव्याच्या वायरीवर एवढा लोड कोण टाकतं सांगा!”

कोण टाकतं, ते त्याच्यासमोरच उभं होतं. त्याने हे मुद्दाम म्हटलं नव्हतं, पण बुधाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोरगा देखणा होता, हाताचा चपळ होता, आणि बोलणं खरं होतं. यातलं एकही बुधाजीला सोसवेना. कोपऱ्यात नवा कुकर होता, पांढराशुभ्र, पोटावर निळी फुलं. जुना बिचारा अल्युमिनियमचा, काळा पडलेला, उंबऱ्याबाहेर ठेवला होता.

मग त्याला पाट दिसला. मकसूदने त्यावर पक्कड, पेचकस आणि स्क्रू मांडले होते.

“आरं, तो पाट—”

“हा? सामान ठेवायला बरा आहे,” मकसूद म्हणाला. “अम्मी यावर चढून भात काढतात, चाचा! पहिल्या दिवशी मला वाटलं, काही मन्नत वगैरे आहे.” आतून त्याची बायको, बानोची लेक शकिला, खुदकन हसली. बानोसुद्धा हसली, आणि तेच बुधाजीला जास्त लागलं.

तेवढ्यात पंखा थांबला. शेजारच्या घरातला रेडिओही गप्प झाला. आळीतली लाइट गेली होती.

“झकास,” मकसूद म्हणाला. “लाइट येईपर्यंत जुना प्लग काढून टाकतो.” त्याने प्लगचं बटण नीट बंद करून पाहिलं आणि तो ओल्या फरशीवर अनवाणी उकिडवा बसला.

मेनचा फ्यूज काढ, असं सांगायला बुधाजीने तोंड उघडलं आणि परत मिटलं. या घरातलं बंद बटण हे बंद नव्हतं, हे जगात एकट्या त्याला ठाऊक होतं. कुवेतला बंद म्हणजे बंद असेल. लाइट आली की बसू दे एक दणका, त्याच्या मनात आलं. मरत नाही कुणी एवढ्याने. जरा हात झिणझिणू दे, मग कळेल याला घर कुणाचं आहे ते. तो दाराच्या चौकटीला टेकून शांतपणे पाहत राहिला, आणि खोटं कशाला, त्याला गंमत वाटत होती.

मकसूदने प्लगचं झाकण काढलं, दोन्ही वायरींची टोकं ओढून बाहेर घेतली. “अम्मी, जरा इकडे या. या दोन वायरी अशा धरून ठेवा, मी पट्टी उचकटतो.”

बानो हातातलं ओलं फडकं टाकून पुढे झाली. सवयीने तिची नजर पाटाकडे गेली. पाटावर स्क्रू पसरले होते. ती तशीच ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली आणि तिने उघड्या तारांची टोकं चिमटीत धरली.

“भाभी, सोडा! टाका ती वायर!”

बुधाजी ओरडला, पण थांबला नाही. तो ओटीवर धावला, मेनचं झाकण उघडून त्याने फ्यूज उपटला आणि मुठीत घट्ट धरला. दहा-बारा श्वास गेले असतील नसतील, शेजारचा रेडिओ एकदम मोठ्याने गाऊ लागला. आळीत लाइट आली होती. या घरातला पंखा मात्र हलला नाही.

तो आत आला तेव्हा मकसूदचा चेहरा उतरला होता.

“चुकलंच माझं,” तो म्हणाला. “मेन काढायला पाहिजे होता. तजुर्बा तो तजुर्बा, चाचा.”

“मग? मी म्हनलं नवतं?” बानोच्या आवाजाला धार आली होती. “तू कुवेत बगितलंस, पर ह्या घराची वीज ह्यांनी बगितलीय. उचल तो पसारा पाटावरून. नवा कुकर लाव नायतर सोन्याचा लाव, पाट ऱ्हानार. शकिला, तूबी ध्यानात ठेव. मी आज हाय, उद्या नाय. तुजी पोरगी झाली तरी तिला पाटावरच उभी करायची.”

“हो, अम्मी,” शकिला म्हणाली. आता ती हसत नव्हती.

यापेक्षा अधिक काय हवं होतं? जुनी वायर संध्याकाळपर्यंत भंगारात गेली असती, आणि तिच्याबरोबर बुधाजीची चूकही. मकसूदने तर स्वतःच मान खाली घातली होती. बुधाजीने शकिलाकडे पाहिलं. ती खाली बसून पदराने पाट पुसत होती.

“भाभी,” तो म्हणाला, “पाटाचं काय नाय. बटन उलटं हाय. मी लावलेलं.”

कुणाला काही कळलं नाही. मग मकसूदला कळलं. त्याने उघड्या वायरींकडे पाहिलं, वर दिव्याकडे गेलेल्या पट्टीकडे पाहिलं, आणि हातातली पक्कड खाली ठेवली.

“तवाच ठावं होतं तुमाला?” बानोने विचारलं.

“वर्सानं कळलं. तुमी मुंग्या येतात म्हनलात तवा.”

“आन् पाट दिलात.”

“दिला.”

बानो बराच वेळ नखाने ओट्यावरचा एक डाग खरवडत राहिली. मग म्हणाली, “आता आलायत तर जेवूनच जा.”

काम संपायला तीन वाजले. बुधाजीने पट्ट्या धरल्या, स्क्रू हातात दिले, मकसूद सांगेल तसं केलं. नवी वायर चांगली जाड होती, जमिनीत पुरलेल्या सळीला तिची एक तार नेऊन जोडली होती. मकसूदने बटण दोनदा तपासलं. शेवटचा स्क्रू त्याने बुधाजीपुढे धरला, पण बुधाजीने मान हलवली. “तुजं काम हाय. तूच लाव.”

भात झाला. बानो कुकरपाशी गेली आणि फरशीवर उभी राहिली. झाकणाजवळ गेलेला तिचा हात क्षणभर थबकला, मग तिने झाकण उचललं. काही झालं नाही. तिने बुधाजीला सगळ्यांच्या आधी वाढलं, नेहमीसारखं. भाताचं शीत न् शीत मोकळं होतं. बुधाजीने चांगला झालाय म्हणून सांगितलं, आणि ते त्याला जड गेलं.

तो निघाला तेव्हा बानो पाट घेऊन दारात आली. तिने तो धुऊन पुसला होता.

“ह्यो घेऊन जा, बुधाजीभाव. सोनुबाईची जोडी मोडलीय ना.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पाट काखेत मारून तो भर बाजारातून घरी आला. सोनुबाईने पाट पाहिला, पण एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिला टोमणा सुचला नाही. संध्याकाळी तिने माळ्यावरचा दुसरा पाट काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडले. एकावरचं कोरीव कमळ अजून नव्यासारखं होतं. दुसऱ्यावरचं कमळ झिजून गेलं होतं आणि त्या जागी दोन पावलांएवढं लाकूड गुळगुळीत झालं होतं.

“बसा की,” सोनुबाई म्हणाली.

बुधाजी कमळावर बसला. दुसऱ्या पाटावर त्याने तिलाही बसू दिलं नाही.