आटे जुळले की झालं

सुताराच्या कॉर्डलेस ड्रिलमधून काढलेले, मोटरला वीज पोचवणारे दोन कार्बन ब्रश तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक करंगळीच्या नखाएवढा लांब, दुसरा त्याच्या निम्मा. जोडीने बसवलेले ब्रश जोडीनेच झिजतात. मोटर भेदभाव करत नाही. भेदभाव करणारा दुकानाच्या दारात बसून चहा पीत होता.

"दादा, यातला एक कुणाचा?"

"ब्रशवर काय नाव लिहिलेलं असतं?" थोरला भाऊ म्हणाला. "प्लंबरचं ड्रिल पडून होतं, त्यातला घेतला."

"आणि प्लंबरला?"

"त्याला कुठे घाई आहे?"

ही दादाची पद्धत. सुटा भाग मागवून वाट कोण बघणार? त्यापेक्षा फळीवरच्या एका मशीनची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. गिऱ्हाईक हसत जायचं आणि काही दिवसांनी चरफडत यायचं, ते थेट तिच्या टेबलाशी. दुरुस्ती आपल्या एकटीच्या हातात असावी, हे त्याला सांगायचं तिने कितीदा तरी ठरवलं होतं. दरवेळी शब्द ओठांवर यायचे आणि दादा चहा मागवायचा.

तेवढ्यात बेकरीवाल्या काकू जनरेटर हातगाडीवर घालून आल्या.

"तुझ्या भावाने परवाच नीट करून दिला. थोडा वेळ चालतो आणि मान टाकतो. वीज गेलीय, ओव्हन थंड, आणि पीठ फुगून परातीबाहेर डोकावतंय."

"पेट्रोलमध्ये कचरा असेल, काकू," दादा म्हणाला.

"कचरा कुठे आहे ते मला माहितेय."

तिने जनरेटर सुरू केला आणि शांतपणे वाट बघितली. इंजिन आचके द्यायला लागलं तसं टाकीचं झाकण किंचित सैल केलं. सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत शिरली आणि इंजिन सावरलं.

"पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते," तिने सांगितलं. "त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. याला नाहीच."

काकूंनी दादाकडे बघितलं. दादाने छताकडे.

"रॉकेलच्या कॅनचं आहे," तो म्हणाला. "पण आटे काय जुळले गं!"

"आणि काकूंचं?"

"सुताराच्या जनरेटरला. त्याचं हरवलं होतं."

"म्हणजे सुतार उजेडात आणि मी अंधारात," काकू म्हणाल्या.

सुताराच्या ड्रिलसाठी तिने मापं घेऊन मागवलेली ब्रशची जोडी सकाळीच आली होती. ती बसवून तिने ड्रिल थोडा वेळ नुसतंच फिरवलं. नव्या ब्रशच्या ठिणग्या निवल्यावर जनरेटरचं इंजिन बंद केलं, झाकण काढून टेबलावरच्या पकडीत आवळलं आणि त्याच ड्रिलला सुईसारखं बारीक बिट लावून भोक पाडलं. झाकण परत लावल्यावर या खेपेला जनरेटर चालतच राहिला.

"तुमच्या मॉडेलचं झाकण मागवते. तोवर हे चालेल, फक्त टाकी काठोकाठ भरू नका."

"भरत नाही. पण पुढच्या वेळी मशीन कुणाच्या हातात द्यायचं, तेवढं आत्ताच सांगून ठेवा."

"कुणाच्याही द्या, काकू, दुकान एकच," दादा हसत म्हणाला. "बसा, चहा सांगतो."

"चहा नको, दादा," ती म्हणाली. "उद्यापासून मशीन मी उघडणार. तू फक्त गोड बोलायचं."