समुद्राला सोडा

व्हिडिओ कॉलवर इरमच्या मागं उभा असलेला सिलेंडर नईमानं लगेच ओळखला. तसाच काळपट, मानेजवळ रंग उडालेला सिलेंडर त्यांच्या दुकानात कोपऱ्यात उभा असायचा. आपला सिलेंडर तुझ्याकडं कसा, असं तिनं मुलीला विचारलं. इरम हसली आणि म्हणाली, आपला नाही अम्मी, पण गॅस तोच.

नंदुरबारला स्टेशन रोडवर हबीब सोडावाल्याचं दुकान आहे. गोटीच्या बाटल्या, गॅस भरायचं मशीन आणि समोर एक बाक, एवढाच पसारा. थंडीत गावाबाहेर वाळवायच्या मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या की दिवसभर मिरची निवडणारी माणसं संध्याकाळी नाक-डोळे पुसत या बाकावर येऊन बसतात. एक लिंबू सोडा, एक मोठा ढेकर, मग घर. नईमा ही हबीबची बायको आणि इरम त्यांची एकुलती एक मुलगी. समुद्र जिथून अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर आहे अशा गावातली मुलगी माशांवर संशोधन करायला किनाऱ्यावरच्या एका संस्थेत का गेली, हे स्टेशन रोडवर कुणाला कळलेलं नव्हतं. हबीब विचारणाऱ्यांना सांगायचा की मुलगी सरकारी कामात आहे.

त्या दिवशी इरमनं पहिल्यांदाच काम नीट समजावून सांगितलं. गाड्या, कारखाने, भट्ट्या यांतून हा गॅस निघतो, हवेत जातो, हवेतून समुद्राच्या पाण्यात विरघळतो आणि पाणी आंबट होत जातं. म्हणजे समुद्राचा सोडा होतो का, असं हबीबनं विचारलं. अगदी थोडासा, हळूहळू, पण हो, असं ती म्हणाली. तिनं समुद्रातून पकडून आणलेले मासे दोन रांगांतल्या टाक्यांत ठेवले होते. साध्या पाण्यातला नर तोंडानं दगड घासून साफ करतो, मादीला बोलावतो, ती दगडावर अंडी घालते आणि तो कल्ल्याजवळच्या परांनी त्या अंड्यांना वारा घालत बसतो. गॅस सोडलेल्या पाण्यातला नर दगड अर्धाच घासतो आणि नुसता फिरत राहतो. मादी येते, थांबते, निघून जाते. अंडी पडलीच तर कमी पडतात. काही जातींना मात्र या पाण्याचं काहीच वाटत नाही आणि ते का, हे अजून कुणाला माहीत नाही, असंही इरम म्हणाली. पण तोवर नईमाचं लक्ष उडालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात गेली, पान्यानं सिलेंडरचा कॉक घट्ट बंद केला आणि पाना आपल्या पिशवीत टाकला. हबीब बाटल्या धूत होता. त्यानं काय झालं म्हणून विचारलं.

"त्या बायका खोटं बोलत नव्हत्या," नईमा म्हणाली.

कोणत्या बायका हे हबीबला कळेना. मग तिनं सांगितलं. लग्नानंतर अकरा वर्षं त्यांना मूल नव्हतं. त्या अकरा वर्षांत मोहल्ल्यातल्या बायका आणि हबीबची सख्खी आत्या सुद्धा नईमाला म्हणायच्या की नवरा दिवसभर गॅसजवळ उभा असतो, तो गॅस त्याच्या अंगात शिरलाय, तुला मूल कसं होणार. नईमानं हे तेव्हा हसण्यावारी नेलं, नवऱ्याला कधी सांगितलं नाही. इरम झाली आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. आता तीच इरम संस्थेत बसून तेच सांगत होती.

हबीब हातातली बाटली ठेवून बाकावर बसला. त्यानं पाना परत मागितला नाही.

त्या संध्याकाळपासून स्टेशन रोडवर बिनगॅसचा सोडा मिळू लागला. बाटलीत पाणी, लिंबू, मीठ, साखर, सगळं होतं, फक्त फस्स होत नव्हतं. गोटी बाटलीच्या गळ्यात चढायलाच तयार नव्हती, खालीच लोळायची. गिऱ्हाईकं विचारायची तेव्हा हबीब शांतपणे सगळी हकीकत सांगायचा. माशांची लग्नं मोडताहेत आणि त्यात आपल्या दुकानाचा थोडा वाटा आहे म्हटल्यावर माणसं मुकाट बाटली तोंडाला लावायची. अशा कामात नाही कसं म्हणायचं? पथारीवरच्या गुलाबबाईनं तर अर्धी बाटली पिऊन, हे आधीच्यापेक्षा घशाला बरं, असं सांगून टाकलं.

अडचण काढली भूपेशनं. हा पतपेढीत कारकून, रोज साडेसहाला यायचा. त्यानं विचारलं की सोड्यातला गॅस तर बंद केला, पण ढेकरातून निघतो त्याचं काय? हबीबला हे सुचलं नव्हतं. त्यानं इरमला फोन लावला. ढेकरानं फरक पडतो का, असं विचारलं. इरम म्हणाली, अगदीच नगण्य, अब्बा.

"म्हणजे पडतो," हबीब म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लागली : समुद्रातल्या माशांसाठी ढेकर शक्यतो टाळावा. लोकांनी ती मनावर घेतली. सोड्यात गॅसच नव्हता, त्यामुळं ढेकर येण्याचं काही कारण उरलं नव्हतं. तरीही माणसं बाकावर गाल फुगवून, डोळ्यांत पाणी आणून तो दाबत बसायची आणि उठताना एकमेकांकडं अभिमानानं बघायची. भूपेशनं तिसऱ्या दिवशी सांगितलं की आपण एकूण सात दाबले.

शेजारी नवनीतचं भजी-फरसाणाचं दुकान होतं. गिऱ्हाईक आधी त्याची भजी खायचं आणि मग हबीबकडं वळायचं, त्यामुळं या प्रकरणात त्यालाही रस होता. त्यानं आठवडाभर विचार केला आणि एका दुपारी हबीबच्या बाकावर येऊन बसला.

"हबीबभाई, आपले ॲसिडिटी व्हयनी ते आपण काय करतस? सोडा पेतस. मंग समुद्रले बी पाज ना सोडा."

हबीब म्हणाला की सोड्यानंच तर समुद्र बिघडलाय. नवनीत उठला, दुकानात गेला आणि मूठभर पांढरी पूड घेऊन आला. तो पेवाना सोडा, हाऊ खावाना, असं त्यानं समजावलं. भज्यांच्या पिठात घालतात तो हा. प्यायच्या सोड्यानं आंबट होतं आणि खायच्या सोड्यानं आंबटपणा मोडतो, दोघांचं नाव एक असलं तरी स्वभाव उलटे. नईमानं लगेच इरमला विचारून घेतलं. खायच्या सोड्यानं आंबटपणा कमी होतो हे खरं आहे, पण अम्मी, समुद्र केवढा असतो, असं इरम म्हणू लागली. खरं आहे एवढंच ऐकून नईमानं फोन हबीबच्या हातात दिला आणि नवनीतकडून दहा किलोची गोणी घेतली.

समुद्र लांब, पण तापी तिथंच जाते. म्हणून हबीब आणि नईमा आधी बसनं तापीकाठच्या प्रकाशा गावी गेली. नदीकाठी सुकराम नावाचा मासेमारी करणारा माणूस जाळं वाळत घालत होता. गोणी कशाची आहे असं त्यानं विचारलं. समुद्रातल्या माशांना पोरं व्हावीत म्हणून ही पूड नदीत सोडायची आहे, असं हबीबनं सांगितलं. सुकरामनं सगळं ऐकून घेतलं, हसला नाही. या पुडीनं नदीतल्या माशांना काही होईल का, एवढंच त्यानं विचारलं. ते दोघांनाही माहीत नव्हतं.

"मन्हा मासासना पोटमा अंडा शेतस आते," सुकराम म्हणाला. "त्यासले कसाले तरास?"

पोटात अंडी असलेल्या माशांना त्रास कशाला, हे पटून हबीबनं गोणी पाण्यापासून मागं ओढली. शिवाय पुढं धरण आहे, दरवाजे उघडेपर्यंत तुमचा सोडा तिथंच पडून राहील, असंही त्यानं सांगितलं. समुद्राचं काम समुद्रावरच जाऊन करा, असा त्याचा सल्ला होता. मग त्यानं गोणी स्वतः खांद्यावर घेऊन बसपर्यंत आणून दिली.

पुढच्या रविवारी दोघं पहाटेच्या गाडीनं सुरतेला आणि तिथून डुमसच्या किनाऱ्यावर गेली. नईमानं समुद्र कधी पाहिला नव्हता. हबीबनं एकदा लहानपणी पाहिला होता, पण त्याला फक्त किनाऱ्यावरचा उंट आठवत होता. भज्यांच्या गाड्या ओलांडून दोघं वाळूत उतरली तर समोर समुद्र नव्हता. लांबवर काळा चिखल पसरला होता आणि त्यावर दोन कुत्री फिरत होती. हबीबनं एका गाडीवाल्या बाईला विचारलं.

"दरियो तो गयो," बाई म्हणाली. "चार वागे आवशे."

चार वाजायला अजून पाच तास होते. दोघांनी गोणी वाळूत ठेवली आणि तिच्या दोन बाजूंना बसली. ज्याला औषध पाजायला आलो तोच घरी नाही, असं हबीब म्हणाला. नईमानं चपला काढून गोणीला टेकवून ठेवल्या.

"त्या बायकांचं मला तेव्हाच सांगायला हवं होतंस," हबीब म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुम्ही दुकान बंद केलं असतं."

"केलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

हबीब वाळू झटकून उठला. त्यानं गाडीवरून भजी आणली, ती दोघांनी खाल्ली आणि नवनीतची बरी, असं दोघांचंही मत पडलं.

समुद्र आला तेव्हा कळलंही नाही. आवाज नाही, लाट नाही, चिखलावरून पाण्याचा पातळ थर सरकत आला आणि बघता बघता गोणीच्या बुडाला लागला. हबीब उठेपर्यंत खालचा सोडा ओला होऊन आपोआप विरघळायला लागला होता. समुद्रानं स्वतःच हात घातला, असं म्हणत त्यानं गोणी उचलून खांद्यावर घेतली. मग पाणी घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं, समोर नजर जाईल तिथवर पाणीच झालं. नईमा साडी वर धरून उभी होती.

"एवढं आंबवायला किती जण लागले असतील," ती म्हणाली.

दोघं मूठ मूठ सोडा पाण्यात सोडू लागली. जवळच एक तरुण बाई सासूबरोबर पाण्यात उभी होती. ती बराच वेळ यांच्याकडं बघत होती. शेवटी पुढं येऊन तिनं मोडक्या हिंदीत विचारलं की हे कशासाठी करता?

"पोरं व्हावीत म्हणून," नईमानं सांगितलं.

कुणाला, ते बाईनं विचारलं नाही. तिनं पदर सावरला आणि ओंजळ पुढं केली. नईमानं हबीबकडं पाहिलं. मग तिनं ओंजळीत चिमूटभर नाही, मूठभर सोडा घातला आणि सांगितलं की खायचा नाही, पाण्यात सोडायचा. बाईनं डोळे मिटून सोडला. सासूनंही हात पुढं केला. हे पाहून मागून आणखी लोक आले आणि थोड्या वेळात रांग लागली. काहींना मूल हवं होतं, एकाला नोकरी हवी होती, एक पोरगी बारावीची होती. हबीबनं प्रत्येकाला सांगायचा प्रयत्न केला की हे माशांसाठी आहे. लोक मान डोलवत होते आणि हात पुढं करत होते. आंबट झालेल्या पाण्यात कुणीही सोडला तरी तो खायचा सोडाच, असा विचार करून त्यानं मग सांगणं सोडलं आणि रांग सरळ करायला लागला. सूर्य मावळायच्या आत गोणी रिकामी झाली.

सुरत स्टेशनवरून त्यांनी इरमला फोन केला. ती हसेल म्हणून हबीब तयार होता. ती हसली नाही. तिनं जागा विचारली, वेळ विचारली, वजन विचारलं. लिहून घेतेय, असं म्हणाली.

सोमवारी नईमानं स्वतःच सिलेंडरचा कॉक उघडला. समुद्र केवढा आहे ते आता पाहिलंय, भरा, पण निम्मा भरा, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यामुळं हबीबचा सोडा हल्ली जरा मंद असतो. पथारीवरची माणसं कुरकुर करत नाहीत. भूपेश मात्र अजून मोजतो.

पंधरा दिवसांनी इरमचा व्हिडिओ आला. गॅसच्या पाण्यातल्या एका टाकीत मादीनं अंडी घातली होती. थोडीच होती, पण दगडावर स्पष्ट दिसत होती. नर त्यांच्याजवळ होता. तो वारा घालतोय की नुसताच फिरतोय हे सांगता येत नाही, अजून बरेच दिवस बघावं लागेल, असं इरमनं लिहिलं होतं. नईमानं तो व्हिडिओ बाकावर सगळ्यांना दाखवला. नवनीत हात पुसून आला. गुलाबबाईनं मोबाईल डोळ्याजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला.

"वारा घाली ऱ्हायना," ती म्हणाली.

भूपेश म्हणाला, फिरतोय. हबीबनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.