भरवण्याचा धडा

"तोंड मिटा," ही मला म्हणाली. "घट्ट मिटा. तुम्ही पेशंट आहात, तुम्हाला काही कळत नाही."

मी तोंड मिटलं. मला कॉटवर उशांना टेकवून बसवलं होतं. समोरच्या टेबलावर, शब्दकोशाच्या जाड खंडांना टेकवून फोन उभा केला होता. पडद्यावर लहान लहान चौकटींत बायकांचे चेहरे होते. कुणी स्वयंपाकघरात बसलेली, कुणी रेंज मिळावी म्हणून जिन्यात.

"काका आज शहाण्यासारखे बसलेत," एकजण म्हणाली. "काल कूस बदलताना हसत होते."

"त्यांना गुदगुल्या होतात. खऱ्या पेशंटलाही होतात. म्हणून सगळा तळहात टेकवायचा, नुसती बोटं नाही. हसून झालं असेल तर इकडे बघा."

हिचा जन्म हॉस्पिटलात नर्सचं काम करण्यात गेला. निवृत्तीनंतर ती एका ब्युरोसाठी शिकवू लागली. घरोघरी पेशंट सांभाळायला बायका पाठवणारा ब्युरो. तिथल्या हॉलमध्ये वर्ग भरे आणि ही बायकांच्या हातावर हात ठेवून शिकवी. मग साथ आली. हॉलला कुलूप लागलं. हॉस्पिटलं म्हाताऱ्या पेशंटना लवकर घरी धाडू लागली, त्यामुळे बायकांना मागणी मात्र वाढली. बंद पडलेल्या कारखान्यांतल्या, हॉटेलांतल्या बायका या कामाला आल्या. त्यांनी पेशंटला कधी हात लावला नव्हता आणि हिला त्यांच्या हाताला हात लावता येत नव्हता. दाखवायला एक शरीर तर हवं, म्हणून मी. आयुष्यभर वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी पुस्तकांच्या कपाटांआड व्हायचो. पडून राहायचं काम मला जमेल असं हिला वाटलं. मला स्वतःला तेवढीही खात्री नव्हती.

ही स्टुलावर बसली, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर. हातात कुस्करलेल्या केळ्याची वाटी.

"आता नीट बघा. 'तोंड उघडा' असं म्हणायचं नाही. मेंदूला मार बसलेल्या माणसाला तुमचे शब्द कळतीलच असं नाही. चेहरा कळतो. चमचा असा समोर धरायचा, पेशंटची नजर तुमच्याकडे येईपर्यंत थांबायचं आणि मग आपण स्वतः आ करायचा. मोठा."

तिने आ केला. माझंही तोंड आपोआप उघडलं. चमचा आत गेला.

"लाजायचं नाही. बाळाला भरवताना आई लाजते का? चला, सगळ्यांनी करा."

सगळ्या चौकटींत तोंडं उघडली. कुणाच्या तरी मागून एक म्हातारा ओरडला, "काय गं, दाढ दुखतेय का?" त्यावर वर्ग बराच वेळ हसत होता.

"सिस्टर, एक शंका."

"आली शंकाबाई," दोघीतिघी एकदम म्हणाल्या.

हे नाव तिला पहिल्याच आठवड्यात पडलं होतं. आधी ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. आता अर्धांगवायू झालेल्या एका आजींकडे होती. दिवसरात्र त्यांच्याच खोलीत, खालच्या मजल्यावर. आजींचा मुलगा आणि सून वर राहायचे आणि जेवणाचं ताट जिन्यात ठेवून जायचे.

"विचार," ही म्हणाली.

"तुम्ही आत्ता मास्क लावलेला नाही. आम्हाला तर पहिल्याच दिवशी सांगितलंत की पेशंटच्या खोलीत मास्क काढायचा नाही, काही झालं तरी. मग आजींना माझा आ दिसणार कसा?"

हिचा हात स्वतःच्या हनुवटीकडे गेला. आम्ही नवराबायको आपल्याच घरात बसलेलो, मास्क कशाला लावणार? आणि भरवायला तर ती वर्षानुवर्षं असंच शिकवत आली होती. साथीतही तिने तो धडा होता तसाच घेतला होता. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, ब्युरोच्या आलं नव्हतं. माझ्या लक्षात येण्याचा तर प्रश्नच नव्हता.

"बरोबर आहे तुझं," ही म्हणाली. "उद्या सांगते."

संध्याकाळी तिने मास्क लावला आणि मला पुन्हा कॉटवर बसवलं. चमचा खालच्या ओठाला टेकवून पाहिला. गालावरून, जबड्याखालून हात फिरवून पाहिला. मी प्रत्येक वेळी तोंड उघडत होतो.

"तुम्हाला कळतंय म्हणून तुम्ही उघडताय," ती वैतागून म्हणाली. "जरा न कळल्यासारखं करा ना."

मी प्रयत्न केला. पण चमचा आला की तोंड उघडायचंच. आयुष्यात कितीतरी गोष्टी मला कळल्या नाहीत, आणि मुद्दाम न कळणं काही केल्या जमेना. शेवटी तिने वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "खाऊन टाका."

मग मी माझ्या परीने कामाला लागलो. तिची जुनी नर्सिंगची पुस्तकं काढली, माझ्याकडची शोधली. सगळीकडे लिहिलं होतं की धीर धरावा. मी तिला तसं वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तिने शंकाबाईला ओठाचं आणि जबड्याचं सांगितलं. शंकाबाईने फोन उभा करून आम्हाला दाखवलं. आजी लहानखुऱ्या होत्या, केस कापलेले. चमचा ओठाला लागला की त्या मान भिंतीकडे वळवायच्या. मास्कवरच्या दोन डोळ्यांकडे त्या ज्या नजरेने बघत होत्या, तशा नजरेने आपण दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघतो.

"तोंडासमोर पारदर्शक काच येते ती लावून बघ," ही म्हणाली.

"काच लावली तरी खाली मास्क हवाच, असं ब्युरोच्या मॅडम म्हणाल्या."

"बरं, मग फोन त्यांच्यासमोर धर. मी करते आ."

शंकाबाईने फोन आजींसमोर धरला. हिने फोनच्या अगदी जवळ जाऊन मोठा आ केला. आजींनी हात उचलला, हिच्या चेहऱ्यावरून म्हणजे काचेवरून बोट फिरवलं आणि फोन उलटा करून मागे कोण आहे ते बघितलं. तोंड काही उघडलं नाही.

त्यानंतर रोज वर्ग संपला की शंकाबाईचा फोन यायचा. आज दोन चमचे गेले. आज एकही नाही. दूध तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं.

"हाडं लागतात हो हाताला, उचलताना. काल त्यांची बांगडी पार कोपरापर्यंत गेली, मग मी काढूनच ठेवली."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"फोनवर म्हणाले, नळी घालावी लागेल, हॉस्पिटलला न्या. हॉस्पिटल म्हणतं, जागा नाही, आणि जागा असली तरी या वयात आणू नका."

"आणि मुलगा?"

"ते जिन्यातून म्हणतात, तुम्हाला जमेल तेवढं द्या. सिस्टर, माझ्या डोळ्यांसमोर बाई उपाशी मरतेय. समोर अन्नाची वाटी असून."

"प्रयत्न करत राहा," ही म्हणाली. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन एकेक डबा उघडून मिटू लागली. मी विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, काही नाही.

मग एके दिवशी शंकाबाईचा फोन वर्गाच्या आधीच आला. आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत.

"सिस्टर, आजींनी वाटी संपवली. पूर्ण. वर दूधही घेतलं."

"अरे वा. कसं काय?"

पलीकडे वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तुम्ही शिकवलंत तसं."

हिने माझ्याकडे बघितलं. मी शेजारीच उभा होतो. त्या क्षणी आम्हा दोघांनाही कळलं. ही पुढचा प्रश्न विचारेल म्हणून मी थांबलो. तिने विचारला नाही.

"बरं," ती म्हणाली. "सावकाश भरव. घाई करू नकोस. आणि खिडकी उघडी ठेव."

आजी सुधारल्या. शंकाबाई त्यांच्या खोड्या सांगायची; की त्या आता केळं आधी हाताने चाचपून बघतात, की पोट भरलं की शंकाबाईच्याच नाकाला चमचा लावतात आणि हसतात. ही ते ऐकून हसायची आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायची, खिडकी उघडी ठेव.

एक दिवस शंकाबाई वर्गाला आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, पण आवाज घोगरा होता. "धूळ झाडली ना काल, त्याने असेल," ती म्हणाली. त्यानंतर आजींना ताप भरला. आजार कुठून आला हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. सुनेला आधी कणकण होती असं कुणी म्हणालं. सिलिंडर आणून देणारा खोकत होता असंही कानावर आलं. आजींना दोन दिवस धाप लागली आणि त्या आपल्या खोलीतच वारल्या. तेव्हा शंकाबाईला साथीच्या आजाऱ्यांसाठी उघडलेल्या केंद्रात नेलं होतं. शेवटी आजींजवळ कोण होतं हे मी विचारलं नाही.

ब्युरोच्या मॅडमचा फोन आला तेव्हा ही भांडी घासत होती. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"सिस्टर, आजींच्या मुलाची तक्रार आलीय. त्यांनी खोलीत कॅमेरा बसवला होता. तुमची ती बाई रोज भरवताना मास्क खाली करायची."

"रोज?"

"रोज. सगळं रेकॉर्डिंग आहे त्यांच्याकडे."

"म्हणजे तो रोज बघत होता."

"ते मी त्यांना कसं विचारू, सिस्टर? त्यांची आई गेलीय. तुम्ही फक्त एवढंच सांगा, की मास्कचं सगळं तुम्ही शिकवलं होतं."

"शिकवलं होतं. आ करायलाही मीच शिकवलं होतं."

"ते जाऊ द्या हो आता."

"कसं जाऊ द्या? आणि तिने मास्क काढला ते मला माहीत होतं."

"सिस्टर, हे तुम्ही मला बोललाच नाहीत," मॅडम हळूच म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. "माझ्याकडे या घडीला शिकवायला दुसरं कुणी नाही. तुम्हालाही काढायला लावू नका मला."

शंकाबाईचं नाव ब्युरोने काढून टाकलं. हिचा वर्ग चालू राहिला, फक्त भरवण्याचा धडा घ्यायचा नाही असं ठरलं. बायका पेशंटना भरवत होत्याच. कसं भरवायचं ते त्यांना कुणी सांगत नव्हतं एवढंच.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी आमची बेल वाजली. दार उघडलं तर बाहेर कुणी नाही. जिन्याच्या मधल्या वळणावर, कठड्याला धरून शंकाबाई उभी होती. बेल वाजवून ती तेवढी खाली उतरून थांबली होती, आम्ही म्हातारे म्हणून. फोनच्या चौकटीत ती मला उंच वाटायची. प्रत्यक्षात हिच्या खांद्याइतकी होती. अंगावरचे कपडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसे लोंबत होते.

"अगं, वर ये की," ही म्हणाली.

"नको सिस्टर. इथूनच बरं." तिला बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "एक शंका होती."

यावर एरवी कुणीतरी हसलं असतं.

"विचार."

"माझ्यामुळे झालं का ते?"

ही कठड्याशी जाऊन उभी राहिली. "कुणालाच माहीत नाही गं. तुझ्यामुळे असेल, नसेलही. वरच्या मजल्यावरूनही आलं असेल."

"सगळे असंच म्हणतात," शंकाबाई म्हणाली. "बहीण पण असंच म्हणते. मला बरं वाटावं म्हणून." ती श्वासासाठी थांबली. "तुम्हाला माहीत होतं का, मी मास्क काढते ते?"

मी दारातच होतो. हिच्या पाठीकडे बघत होतो.

"हो," ही म्हणाली. "वाटी संपली म्हणालीस, त्याच दिवशी कळलं मला. मी मुद्दाम विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणावं लागलं असतं."

शंकाबाई खाली बघत राहिली. मला वाटलं, ती आता चिडेल. चिडली असती तर हिला बरं वाटलं असतं, असंही मला वाटलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं, मला एकटीलाच माहीत होतं."

"पाणी तरी घे."

"नको. बहीण खाली थांबलीय, उन्हात." ती वळली आणि पहिल्याच पायरीवर तिला धाप लागली. ही दोन पायऱ्या उतरली. शंकाबाईने हात वर करून तिला थांबवलं.

"तिथेच थांबा सिस्टर. तिथूनच सांगा, कसं उतरायचं ते."

हिने कठडा दोन्ही हातांनी धरला. समोर फोन नसताना तिचा वर्गातला आवाज मी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आधी उभी राहा. नाकातून श्वास घे. आता ओठांचा चंबू करून हळूहळू सोड. सोडतानाच पाऊल खाली टाक. शाब्बास. आता थांब. घाई नाही. पुन्हा घे."

शंकाबाई एक पायरी उतरली. मग दुसरी. वळणापलीकडे गेल्यावर तिचं डोकंही दिसेना. फक्त कठड्यावरून घसरत जाणारा तिचा हात दिसत होता, मग तोही दिसेनासा झाला.

"घे," ही म्हणत होती. "सोड. आता पाऊल. थांब. घे."

खालचं फाटक वाजलं. रस्त्यावर दोघींचं काही बोलणं झालं, ते इथवर आलं नाही. ही कठड्यावरून वाकून, खाली कुणी नसलेल्या जिन्याकडे बघत, आणखी थोडा वेळ सांगत राहिली.