सैल टाका

घरात मी थोरली सून आणि ती धाकटी नणंद. शेडचं दार ओलांडलं की ती साहेब आणि मी शिवणारी बाई. घरी तिने भांडी घासायचा कंटाळा केला की मी ओरडायची, शेडमध्ये मला यायला उशीर झाला की ती. हिशेब बरोबर फिटायचा. विचार करताना तिला शिट्टी वाजवायची सवय होती. ती मोडायचा सासूबाईंनी फार प्रयत्न केला, पण शेवटी त्याच विचारू लागल्या, "शिट्टी आली का गं घरी?" तेव्हापासून ती सगळ्यांचीच शिट्टी झाली.

आमच्या शेडमध्ये मदतीचं अन्न भरलं जायचं. पुरातून, भूकंपातून, लढाईतून जीव वाचवून छावणीत आलेल्या माणसांसाठी सोयाबीन घातलेलं मक्याचं पीठ. पंचवीस किलो पीठ तोलायचं, पोत्याचं तोंड शिवायचं आणि ट्रकवर चढवायचं. आम्ही बारा बायका होतो. त्यातल्या अकरा जणींना शिवायला मी शिकवलं होतं, आणि ते मी त्यांना विसरू देत नसे. पोती तेव्हा प्लॅस्टिकच्या विणीची असत. ती वीण सरकते, म्हणून टाका बारीक आणि घट्ट लागतो. शिवणीत टाचणी शिरली तर पोतं उसवायचं, हा माझा नियम. माझ्या शिवणीत कधी शिरली नाही. अजूनही सांगताना मान जरा ताठ होते बघा.

शिट्टी एकदा ट्रकबरोबर छावणीपर्यंत जाऊन आली आणि आल्यावर दोन दिवस तिने शिट्टी वाजवली नाही. रिकामी पोती तिथे काटेरी कुंपणांना लटकलेली, गटारांत तुंबलेली. बायका तीच पेटवून चूल लावायच्या आणि शेजारी पोरं खोकत बसायची. "पीठ खाऊन झालं की पिशवी मातीत मिसळली पाहिजे, वहिनी," ती म्हणाली. "आपण लोकांचं पोट भरायला जातो आणि उकिरडा ठेवून येतो."

मग दोन वर्षं खपून तिने कागदाची पिशवी तयार केली. चार पदरांची, दमट हवेत टिकणारी, प्लॅस्टिकचा तुकडाही नसलेली.

"पंचवीस किलो पीठ कागदात?" मी म्हटलं. "शेंगदाण्याची पुडी वाटली का गं तुला?"

"पुडी उचलून बघ आधी."

पिशवी दणकट होती, ते मला मान्य करावं लागलं. मात्र शिट्टीने माझ्या मशीनवरची टाक्याच्या लांबीची चकती फिरवून ठेवली आणि मी पहिली शिवण पाहिली. इंचाला जेमतेम तीन टाके.

"हे टाके आहेत की उंटाची पावलं?"

"कागदाला एवढेच पुरतात. तू चकतीला हात लावू नकोस म्हणजे झालं."

मी लावला. पोरगी शिकलेली आहे, कागदातलं तिला कळतं, पण शिवणीतलं काय कळतंय, असं मला मनापासून वाटलं. चाचणीच्या दहा पिशव्या शिवायच्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत ती ऑफिसात गेली की मी चकती दोन घरं मागे घ्यायची, माझ्या पद्धतीने बारीक शिवायची, आणि ती यायच्या आत चकती होती तिथे आणून ठेवायची. शिवणीवर कागदाची पट्टी चिकटवायची असे, त्यामुळे टाके कुणाला दिसायचेही नाहीत. लबाडी म्हणून मी हे केलं नाही. तिची पिशवी पास व्हावी म्हणूनच केलं.

सोमवारी मदतसंस्थेचे तपासनीस आले. आमच्या हमालाने एकेक पिशवी छातीएवढ्या उंचीवरून खाली टाकायची, अशी चाचणी होती. हा हमाल काडीसारखा बारीक, म्हणून त्याला पैलवान म्हणत. पहिली पिशवी टिकली, दुसरी शिवणीपाशी फाटली. तिसरीतून पिठाचा असा लोट उठला की तपासनीसांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. दहांतल्या सहा गेल्या.

मिशा झटकत ते शिट्टीला म्हणाले, "छावणीत हेच पीठ मातीत सांडतं आणि लोक ते मातीतून वेचतात. मी गुरुवारी परत येतो. तेव्हा टिकल्या तर कागद, नाही तर आहे ते प्लॅस्टिक चालू ठेवू."

शिट्टीने सगळा दोष कागदावर घेतला. मंगळवारी पाचवा पदर लावून नव्या पिशव्या केल्या. मीही इमानेइतबारे टाके आणखी बारीक केले. बुधवारी सकाळी आम्हीच त्या टाकून पाहिल्या. सात फाटल्या.

"ताई, मी हळू टाकू का?" पैलवानाने विचारलं. कुणी हसलं नाही.

दुपारी शिट्टीने मदतसंस्थेच्या मुख्य कचेरीला चार ओळींचं पत्र लिहिलं, की आमची पिशवी आम्ही मागे घेत आहोत. पाकीट माझ्याकडे देऊन म्हणाली, "वहिनी, तिकीट लावून पेटीत टाक. माझ्याच्याने नाही व्हायचं." तिचे डोळे लाल झाले होते. एवढ्या वर्षांत मी तिला घरीही कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मी ऑफिसात जाऊन टेबलाच्या खणातून पोस्टाच्या तिकिटांचा कागद काढला, कडेला धरून एक ओढलं, आणि ते सरळ रेषेत हातात आलं. मी त्या कडेकडे बघत राहिले. जवळजवळ पाडलेली भोकं. कागद कुठे फाटावा हे ती भोकंच ठरवतात.

तिकीट तसंच बोटाला चिकटवून मी शेडमध्ये परत आले. सगळ्याजणी तिथेच होत्या. त्या पांगायची वाट पाहावी असं क्षणभर वाटलं, पण पाय थांबले नाहीत.

"शिट्टे, तुझा कागद चांगला आहे," मी म्हटलं. "मी त्याचं तिकीट केलंय."

"काय?"

"बारीक टाका घातला. चकती फिरवून."

तिने तिकीट पाहिलं, मग फाटक्या पिशवीची पट्टी सोलून खालची शिवण पाहिली. "किती घरं?"

"सोमवारच्या पिशव्यांना दोन. कालच्यांना तीन."

"आणि मी बघायला आले की?"

"परत जागेवर आणायची."

सोललेली पट्टी माझ्या हातात ठेवत ती म्हणाली, "घरी असते तर आईला सांगितलं असतं तुझं नाव." मी शिकवलेल्या अकराच्या अकरा जणी खिदळायला लागल्या. मान खाली घालून मी ते ऐकून घेतलं. पत्र शिट्टीने फाडलं.

गुरुवारच्या पिशव्या दुसरीला शिवायला दे, असं मी म्हटलं. ती ऐकेना. "तूच शिवायच्या. माझ्यासमोर." मी शिवल्या. प्रत्येक टाका डोळ्यांत खुपत होता आणि डावा हात सारखा चकतीकडे जात होता. शेवटी मी तो मांडीखाली दाबून बसले आणि पिशवी पुढे सरकवायला शिट्टी उभी राहिली. चकती तिच्या जागी, कागद पुन्हा चारच पदरी.

गुरुवारी तपासनीस चार पावलं लांब उभे राहिले. पैलवानाने पिशव्या टाकल्या. आडव्या, कडेवर, बुडावर. दहाव्या पिशवीच्या कोपऱ्यातून चिमूटभर पीठ उडालं, बाकी शिवण जशीच्या तशी. तपासनीसांनी वाकून सगळ्या पिशव्या बोटाने चाचपल्या आणि कागदावर सही केली. शिट्टी मटकन पिशव्यांच्या ढिगावर बसली आणि तिने लांबलचक शिट्टी वाजवली.

"तीन दिवसांत बदललं काय?" तपासनीसांनी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मीच सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, उलट वहीत लिहून घेऊ लागले. "अशा शेड अजून बऱ्याच आहेत," ते म्हणाले, "आणि प्रत्येक शेडमध्ये तुमच्यासारख्या एक काकू आहेतच. आधीची एखादी फाटकी पिशवी आहे का? दाखवायला नेतो."

त्यांनी नेमकी तीच निवडली जिची शिवण सगळ्यांत बारीक होती. पुढे कित्येक वर्षं ती पिशवी गावोगावच्या शेडमध्ये हिंडली, चूक कशी दिसते हे बायकांना दाखवायला. पण त्या बायकांतल्या एकीने पिशवीच्या शिवणीत टाचणी घालून पाहिली म्हणे, आणि ती शिरली नाही.