शनिवारच्या सिनेमाचा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. वायरचा. माझ्या डोक्यावरच्या जाळीला एका बाजूने पोचा पडला आहे आणि गळ्याशी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. खालापूरजवळच्या एका कॉलेजात, सभागृहातल्या कपाटात माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. आठवतो तो खोक्यात बसून केलेला टेंपोचा प्रवास, आणि इथे आल्यावर कुणीतरी माझ्यावर मारलेली पहिली फुंकर. पुढे कित्येक वर्षं स्वागताची भाषणं, बक्षिसांची नावं आणि 'हॅलो, हॅलो' एवढंच माझ्या वाट्याला आलं. "आवाज काय खणखणीत आहे याचा!" असं पाहुणे म्हणायचे, तेव्हा मी फुलून जायचो. मग बिनवायरचा नवा माईक आला आणि मी कपाटात धूळ खात पडलो.

तिथून मला बाहेर काढलं ते छाया मॅडमनी. त्या समाजशास्त्र शिकवतात. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी त्या सभागृहात सिनेमा दाखवू लागल्या. मुलगा आणि मुलगी यांत केला जाणारा भेद, घरातली मारहाण, ती सोसून पुन्हा उभी राहिलेली माणसं, अशा विषयांवरचे सिनेमे. सिनेमा संपला की चर्चा. नव्या माईकची बॅटरी मध्येच संपायची. मॅडम म्हणाल्या, "जुनाच द्या. बोलणाऱ्याचं वाक्य मध्येच तुटायला नको."

पण पहिले काही महिने वाक्य सुरूच झालं नाही. हात पोळावा तशी मुलं मला घाईघाईने पुढच्याच्या हातात सरकवायची. तरी मॅडम थकल्या नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा पडदा लावायच्या.

एका शनिवारचा सिनेमा असा होता. त्यातल्या बाईला नवरा मारायचा आणि ती शेजारणीला सांगायची, "बाथरूममध्ये पाय घसरला." तिसऱ्यांदा तिने तेच सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतली मुलं हसली. सगळ्यांत मोठ्याने हसला तो किरण. मोहोपाड्याचा, दुसऱ्या वर्षाला असलेला.

दिवे लागले. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "कोण हसलं, हे मी विचारत नाही. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते कुणी सांगेल का?"

मी हातोहात फिरू लागलो आणि नंदाताईच्या हातात थांबलो. नंदाताई कुंभिवलीची. वय पस्तिशीचं, पण पहिल्या वर्षाला पोराटोरांबरोबर बसायची. तिने मला तोंडाशी नेलं आणि पुन्हा खाली घेतलं. बाहेर हायवेवरून ट्रक गेलेला ऐकू आला. "ताई, बोला की!" कुणीतरी ओरडलं. मॅडमनी हात वर करून त्याला गप्प केलं.

मग ती बोलली. "मला हसनाऱ्यांचा राग नाय आला. मी पन हसायची. शेजारीन इचारायची, गाल का सुजलाय गं? मी हसून सांगायची, दाढ दुखते. दाढ कंदी दुखलीच नव्हती. नवरा मारायचा. मग एका सकाळी पोरीला काखंत घेतली आनि भावाकडं आले. भाऊ म्हनला, चार दिस ऱ्हा, मग पोचवतो. वहिनी म्हनली, कुटं पोचवता? हितंच ऱ्हाईल ती. त्या वहिनीमुळं मी आज हितं बसलेय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. किरण उभा राहिला आणि त्याने मला मागितलं. माझी वायर तिथवर पोचेना, तेव्हा तोच चालत पुढे आला.

"मी हसलो होतो," तो म्हणाला. "माझ्या आईचीपण दाढ दुखते."

मग सभागृहभर नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. नंदाताई उठली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बस रं. एवढं पुरं हाय."

इथे बोललेलं बाहेर न्यायचं नाही, असं मॅडमनी सगळ्यांना बजावलं होतं. पुढे त्या दोघांनीच ते आणि नंतर घडलेलंही चारचौघांत सांगितलं, म्हणून मी तुम्हाला सांगतो आहे.

किरणला विचारून मॅडम आणि नंदाताई त्याच्या घरी गेल्या. त्याची आई विमलबाई म्हणाली, "आमच्याकडं सगळं ठीक हाय हो." नंदाताईने वाद घातला नाही. विमलबाई वाल सोलत बसली होती. नंदाताईही शेजारी बसून सोलू लागली. बराच वेळ गेल्यावर विमलबाईने हळूच विचारलं, "तुझी पोर तवा केवढी व्हती गं?"

त्यानंतर एकदा किरणच्या वडिलांनी आईवर हात उगारला. किरण मध्ये उभा राहिला. "बाबा, हात खाली घ्या." तो जागचा हलला नाही. त्याच संध्याकाळी मायलेक कर्जतला मावशीकडे गेले. पोलिसांत तक्रार द्यायला मॅडमही सोबत गेल्या. केस अजून चालू आहे. विमलबाई आता कर्जतमध्ये खोली घेऊन राहते आणि जेवणाचे डबे करून देते.

यंदा ती शनिवारचा सिनेमा पाहायला आली. मी तिच्या हातात गेलो. तिने मला पळीसारखं धरलं. पोरं म्हणाली, "काकू, जवळ धरा!"

"सिनेमा चांगला हाय," ती म्हणाली. "पन त्या बाईला शेवटी एकटीला डोंगरावर कशाला उभी केली? कुनी तरी घरात घ्या की तिला!"

सगळं सभागृह हसलं. नंदाताई डोळे पुसत हसत होती. मोठमोठ्या पाहुण्यांची भाषणं मी ऐकली आहेत, पण मित्रांनो, या दोघी बोलल्या तेव्हा वाटलं, आपण जन्माला आलो ते बरं झालं.

आता मी म्हातारा झालो आहे. माझी वायर ओढू नका, मला आपटू नका, हे तर सांगतोच. पण आणखी एक मागणं आहे. मला कुणाच्या हातात दिलंत, की लगेच "बोल, बोल" म्हणू नका. कधी कधी माझ्यातून आधी नुसता श्वास ऐकू येतो. थोडं थांबा. कुणीतरी बोलायचं बळ गोळा करत असतं.