जास्वंदीतले बुलबुल

उदगीरच्या विरूपाक्षअप्पांचा उभा जन्म भांड्यांच्या दुकानात गेला. पाखरांकडे बघायला त्यांना कधी सवडच झाली नाही. दुकान पुतण्याकडे सोपवलं आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर बायकोला, नागम्माला, अर्धांगवायूचा झटका आला. पायांत हळूहळू बळ आलं, पण वाचा गेली ती गेलीच. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी चित्रांचा तक्ता दिला होता. अप्पा तो तिच्यापुढे धरून गाय, कप, घर असं म्हणवून घेऊ बघत. घरावर हुकूम चालवलेली ती बाई, रुसल्या पोरीसारखी तोंड फिरवून बसायची.

उन्हं तापू लागली तशी अंगणातल्या जास्वंदीत बुलबुलाच्या जोडीने घरटं बांधायला घेतलं. डोक्यावर काळी शेंडी, शेपटीखाली कुंकवासारखा लाल डाग. ओसरीतल्या खुर्चीवरून नागम्मा त्यांच्याकडे टक लावून बघते, हे अप्पांच्या ध्यानात आलं. झटका आल्यापासून तिने आपणहून कशात जीव घातला तो पहिल्यांदाच. संध्याकाळी तिला आत न्यावं लागे, मग घरटं दिसायचं नाही. म्हणून अप्पांनी लातूरच्या मुलीकडून, अंजूकडून, मोबाइलवर फोटो काढायचं शिकून घेतलं. सुरुवातीला नुसती पानं आणि अप्पांचा अंगठा यायचा. तरी दिवेलागणीला ते तिच्या उशाशी बसून एकेक फोटो दाखवत, आणि तीही बघायची.

पिल्लं निघाली तेव्हा मात्र अप्पांना राहवलं नाही. उघड्या चोचींचा एक फोटो हवाच होता. त्यांनी स्टूल लावलं, वर चढले आणि हाताने फांदी बाजूला केली. दोन्ही बुलबुल डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागले. एकाच्या चोचीत किडा तसाच होता.

"ब्याड."

अप्पांना वाटलं, शेजारीण बोलली.

"ब्याड, ब्याड!"

त्यांनी मागे वळून बघितलं. नागम्मा खुर्चीच्या हाताला धरून अर्धी उठली होती.

ब्याड म्हणजे नको. नागम्माचं माहेर औरादकडचं, कानडी. सासरी सगळा कारभार मराठीत, त्यामुळे तिची कानडी भावाशी फोनवर बोलण्यापुरती उरली होती. अप्पांना गिऱ्हाइकांकडून ऐकलेले चार शब्द तेवढे यायचे.

ते खाली उतरले आणि तिच्याजवळ ओसरीत येऊन बसले. बऱ्याच वेळाने मादी घरट्यात शिरली, तेव्हा कुठे दोघांच्या जिवात जीव आला.

"हक्की?" अप्पांनी पाखराकडे बोट करून हळूच विचारलं.

नागम्माचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "हक्की," ती म्हणाली.

अप्पांनी खांद्यावरच्या टावेलात तोंड खुपसलं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, जी भाषा येतेय ती येऊ द्या, तिच्यातच बोला. मग अप्पांनी मेहुण्याला, चंद्रप्पाला, बोलावून घेतलं. बहीणभाऊ ओसरीत बसायचे. तो लहानपणीच्या गोष्टी सांगायचा, ती मधेच एखादा शब्द पकडायची. अप्पांना त्यातलं निम्मं कळायचं नाही, तरी ते तिथंच बसून असत. तक्ता कपाटावर गेला आणि फोटो आता ओसरीतूनच निघू लागले.

एका सकाळी पिल्लं उडाली. एक तेवढं थोडा वेळ कुंपणाच्या तारेवर टेकलं, आणि अप्पांनी बसल्या जागेवरून त्याचा फोटो काढला. तो चंद्रप्पाला आणि अंजूला पाठवला, तर अंजूचा लगेच व्हिडिओ कॉल आला. तिने स्वतःच्या मोबाइलवर तो मोठा करून बघितला होता.

"अप्पा, ह्यात तर नुसती पानंच दिसायलीत की. पिल्लू कुठंय?"

अप्पांनी चंद्रप्पाच्या मोबाइलवर तोच फोटो उघडून नागम्मापुढे धरला. तिने डावा हात उचलला. बोट काचेवरून फिरलं आणि कोपऱ्यातल्या तारेवरच्या करड्या ठिपक्यावर टेकलं.

"इल्लि," ती म्हणाली.

पलीकडे अंजूने मोबाइल तोंडाजवळ ओढला. आईचा आवाज तिने किती दिवसांनी ऐकला होता. "काय म्हणली आई?" तिने विचारलं.

"इथं हाय म्हणते," अप्पांनी सांगितलं.